सिद्ध ब्राउझरची कृपा

गुरुवार उजाडला की आल्हादच्या ऑनलाइन सेंटरसमोर चपलांचा एवढा पसारा होई, की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला आपल्या दाराशी दगड मांडून वाट राखावी लागे. मोताळ्याच्या आठवडी बाजाराला निघालेली माणसे रिकाम्या पिशव्या काखेत धरून तिथेच थांबत आणि त्या पिशव्या तशाच घेऊन घरी परत जात. ज्या दुकानात एरव्ही सातबारा, पीक विमा आणि परीक्षेचे अर्ज ह्यांखेरीज दुसरा व्यवहार नव्हता, त्या दुकानात कृपा अवतरली होती. ती देव्हाऱ्यातून येत नव्हती. ती संगणकाच्या पडद्यावर, ब्राउझर नावाच्या खिडकीतून येत होती; आणि तिचे दर्शन उघड्या डोळ्यांनी होत असल्यामुळे तिच्याविषयी शंका घेण्याची सोय उरली नव्हती.

मी विहिरीवरच्या मोटारींचे वाइंडिंग करतो. शाळा नववीत सुटली. वाचनाची आवड मात्र सुटली नाही. जळालेली मोटार पुढ्यात आली असता ती कोणाच्या नजरेने जळाली असे मी विचारीत नाही. तार कोठे उघडी पडली ते पाहतो. ह्या सवयीमुळे त्या गर्दीत मी मागे उभा राहून महाराजांच्या मुखाकडे न पाहता टेबलाकडे पाहत असे.

महाराजांचे नाव दर्शननाथ. ते कोठून आले ह्याविषयी गावात एकमत नव्हते. दाढी सुबक, अंगावर भगवी कफनी आणि कफनीच्या खिशात दोन मोबाइल. पडद्याला झेंडूचा हार घातलेला, कीबोर्डच्या कडेला हळदकुंकू, माउसखाली लाल वस्त्र. ब्राउझरचा रंगसुद्धा केशरी केलेला होता. नवे पान उघडले की त्यावर तेवणारी समई आणि समईखाली महाराजांच्या पादुका दिसत. आपापल्या संगणकावर कोणीही मनुष्य आपल्या म्हशीचे छायाचित्र असेच लावू शकतो, हे त्या वेळी गावात पुष्कळांना ठाऊक नव्हते.

"हा ब्राउझर सिद्ध केलेला आहे," महाराज सांगत. "बाहेरच्या ब्राउझरमध्ये कुकी असते, ह्याच्यात प्रसाद आहे. हिस्टरी म्हणजे काय? तुमचं पूर्वकर्म. ती साचली की मशीन मंद आणि माणूसही मंद. मी रोज पहाटे ती पुसतो. इन्कॉग्निटो म्हणजे काय? अज्ञातवास. तो पांडवांना चुकला नाही, तुम्हाला काय चुकणार?"

"आन् पासवर्ड, महाराज?" मागून कोणी तरी विचारी.

"पासवर्ड म्हणजे बीजमंत्र. तो स्वतःजवळ ठेवला की अहंकार वाढतो. सेंटरवर अर्पण करावा."

आणि लोक खरोखर अर्पण करीत. येथे आमच्या गावची एक रीत सांगणे अगत्याचे आहे. सरकारी अर्ज असो की दवाखान्याची नोंद असो, मोबाइल नंबर विचारला असता आमची माणसे स्वतःचा नंबर देत नाहीत, आल्हादचा देतात. स्वतःचे सिम रिचार्जअभावी बंद पडते, किंवा फोन शेतात गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. आल्हादचा नंबर मात्र अखंड चालू. त्यामुळे अर्ध्या गावाचे दाखले आणि अहवाल प्रथम आल्हादच्या फोनवर उतरत. महाराज एखाद्याला पाहताच "तुझ्या घरात छातीचं दुखणं आहे" असे म्हणत, तेव्हा तो मनुष्य गहिवरून जाई. छातीचा अहवाल सकाळी कोणाच्या खिशात वाजला होता, हे त्याच्या मनात येत नसे.

मी स्वतः पाहिलेला पहिला चमत्कार बनाबाईचा. ही एकटी राहणारी वृद्धा. निराधारांच्या मानधनासाठी तिने अर्ज केला होता. आल्हादने सरकारी पान उघडले. तिच्या नावापुढे 'रिजेक्टेड' असा इंग्रजी शब्द होता. महाराजांनी त्या शब्दावर पंजा ठेवला. आल्हादने घंटा वाजवली. मंत्र झाला, पंजा उचलला, आणि त्या जागी 'अप्रूव्ड' असा शब्द दिसू लागला. पान तेच, बोधचिन्ह तेच, बनाबाईचे नाव तेच. लागलीच प्रिंटर घरघरला आणि कागदही हातात आला.

"आता हे पान पुन्हा ताजं करायचं नाही," महाराजांनी बजावले. "कीबोर्डावर एफ-पाच नावाचं बटण आहे, ते कृपेचं मारक आहे. दुसऱ्या मशीनवरही पाहायचं नाही. शंका घेतली की कृपा परत जाते."

बनाबाईने घरोघर साखर वाटली आणि प्रत्येकाला कागद दाखवला. "सरकारचं चिन्न हाये याच्यावर," ती म्हणे. "असा कागद काय खोटा राह्यते?"

ह्या एका प्रश्नात आमच्या सबंध गावाची समजूत सामावलेली होती. तोंडच्या शब्दावर आम्ही भाळत नाही; नुसत्या भस्मावर तर ह्या महाराजांना कोणी बसायला पाटही दिला नसता. परंतु प्रिंटरमधून बोधचिन्हासह निघालेला कागद थेट कचेरीतून आला, अशी आमची पक्की धारणा. प्रिंटर पडद्यावर दिसते तेवढेच छापतो आणि ते तेथे कोणी आणले ह्याची चौकशी करीत नाही, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. माझ्याही नव्हते. मला एवढेच दिसत होते, की घंटा उजव्या हातात असताना आल्हादचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यावर टेकलेला असे. मंत्र चालू असताना त्या हाताला तेथे काय काम होते, हे मला उमगत नव्हते.

हे सर्व मी दुरून पाहत राहिलो असतो; परंतु हे संकट माझ्याच उंबऱ्याच्या आत आले.

सुवर्णा ही माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी. तिचे माहेर म्हणजे माझेच घर. तिचे यजमान गोपाळराव देऊळगाव राजाला मालवाहू टेम्पो चालवीत. त्यांना छातीचा क्षय असल्याचे निघाले, औषध सुरू झाले आणि टेम्पो चालवण्याइतकी ताकद न राहिल्यामुळे उभयता लहानग्या आरोहीला घेऊन माझ्याकडे विश्रांतीस आली. गोळ्या आमच्या गावच्या उपकेंद्रातून मिळत; तेथील नोंदीत गावच्या रीतीप्रमाणे आल्हादचाच नंबर दिला होता, आणि जुन्या तपासणीचा अहवालही त्याच्याच फोनवर आला होता. त्या घेतल्या की गोपाळरावांना मळमळ होई आणि लघवी नारिंगी होई. ती पाहून ते मनातून घाबरले. आणि घाबरलेला मनुष्य गर्दीच्या दिशेने चालू लागतो.

"लघवीचा रंग बदलला ना?" महाराजांनी त्यांना बसताक्षणीच विचारले.

"हाव, महाराज."

"ते औषध नाही, ते तुझं रक्त आहे. रोज थोडं थोडं जळून बाहेर पडतंय."

गोपाळरावांचा चेहरा उतरला. आल्हादने प्रयोगशाळेचे पान उघडले. त्यावर क्षयाच्या जंतूंपुढे 'डिटेक्टेड', म्हणजे आढळले, असे लिहिलेले होते. पंजा, घंटा, मंत्र. पंजा उचलला तेव्हा तेथे 'नॉट डिटेक्टेड' होते. बाया हात जोडून पुढे सरकल्या. गोपाळरावांच्या डोळ्यांना पाणी आले, आणि खरे सांगायचे तर क्षणभर माझेही मन डळमळले. कारण तो शब्द बदलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

"रोग गेला," महाराज म्हणाले. "येत्या गुरुवारी सांगता. राहिलेल्या सगळ्या गोळ्या आणायच्या आणि ह्या कलशात सोडायच्या. पुन्हा त्या औषधाला हात लावशील तर माझी जबाबदारी नाही."

दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर गेला. त्या दुपारी सुवर्णा माझ्यापाशी येऊन उभी राहिली. आत गोपाळराव खाटेवर पडले होते आणि आरोही त्यांच्या छातीवर डोके ठेवून झोपली होती. त्यांना खोकला येई तेव्हा लेकराचे डोके हलत होते.

"मामा, तुमी त्याइले सांगा न."

"मी कसं सांगू, बाई? जवाई हायेत ते. पाहुने हायेत."

आमच्याकडे जावई मुक्कामी असला म्हणजे त्याच्या ताटात आणखी काय वाढू हे विचारता येते. अमुक करू नका असे त्याला सांगता येत नाही. सुवर्णेला ही रीत ठाऊक होती. तरी ती म्हणाली, "त्याइचं ते पाहून घेतीन. माह्या लेकराले लागलं तं मी कोनाले इचारू?"

मी खाटेपाशी जाऊन बसलो आणि हवापाण्याच्या चार गोष्टी करून हळूच विषय काढला. "जवाईबापू, गोया चालू ठेवल्या तं काय बिघडते?"

"बिघडते न, मामाजी. रगत जाऊन राह्यलं माह्यं. आन् आता कायच्यासाठी घेऊ? कागद तं आला."

"कागद पाहू का जरा?"

"पाहा न. मी कायले लपवून राह्यलो?"

त्यांनी उशाखालून कागद काढून दिला. मला इंग्रजी येत नाही असे नाही, परंतु ते अक्षर अक्षर लावून वाचावे लागते. जो मनुष्य झरझर वाचतो तो ठळक ओळ वाचून थांबतो. मला ती सवलत नसल्याने मी शेवटच्या बारीक टिपेपर्यंत गेलो. त्या टिपेत दोन वाक्ये होती आणि दुसऱ्या वाक्याच्या आरंभी 'नॉट' हा शब्द लागोपाठ दोनदा छापलेला होता. मोटारीत दोन वेढे एकमेकांवर चढले की मला जी अस्वस्थता वाटते, तीच मला वाटली.

कागद घेऊन मी उपकेंद्रात गेलो. तेथील आरोग्य अधिकारी धम्मशीला मॅडम उंद्रीच्या. परिचर्येचे शिक्षण घेऊन सरकारी नेमणुकीवर आल्या होत्या. त्या लॅपटॉपवर नोंदी करीत बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "या भाऊ. तुमचे जवाई मला पाहून मागच्या दारानं काऊन जातात? मी काय वसुलीले येते?"

मी कागद पुढे केला आणि घडलेले सर्व सांगितले. त्यांनी तो वाचला, मग टिपेवर बोट ठेवले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू व संताप ही दोन्ही एकदम आली.

"भाऊ, मुळात इथं काय राहते, सांगू? 'डिटेक्टेड' म्हणजे जंतू आहेत. 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे जंतू नाहीत. ही टीप सगळ्या अहवालांवर सारखीच. आता तुमच्या कागदावर वाचा. 'नॉट डिटेक्टेड म्हणजे जंतू आहेत. नॉट नॉट डिटेक्टेड म्हणजे जंतू नाहीत.' महाराजांच्या कागदानुसारच तुमच्या जवायाला क्षय आहे."

"म्हंजे प्रयोगशाळेवाल्यानं चूक केली?"

"चूक माणसानं केली असती तं एका जागी केली असती. इथं पानावर जिथं जिथं तो शब्द आहे, तिथं तिथं पुढं 'नॉट' लागला. हे विचार न करणाऱ्याचं काम आहे. यंत्राचं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "आणखी एक सांगा. ही तपासणी कधीच्या थुंकीची?"

"औषध सुरू व्हायच्या आधीची."

"मग आशीर्वाद मागच्या गुरुवारी देला, आन् कधीची वाळून गेलेली थुंकी आता सुधरली? रोग बरा झाला असं पाहायचं तं नवी थुंकी तपासावी लागते. जुना कागद धुऊन काय होते?"

हा विचार एवढा सरळ होता, की तो मला आधी का सुचला नाही ह्याचे नवल वाटले. मॅडमनी आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि वरच्या कोपऱ्यातले, कोड्याच्या तुकड्यासारखे एक चिन्ह दाखवले. ब्राउझरला बाहेरून जोड लावता येतात, असे त्या म्हणाल्या. कोणी जाहिराती झाकतो, कोणी अक्षरे मोठी करतो. असा जोड लावताना ब्राउझर पुष्कळदा स्वतःच विचारतो, की सर्व संकेतस्थळांवरचा मजकूर ह्याला वाचू द्यावा आणि बदलू द्यावा काय. लोक न वाचता होकार देतात. "प्रशिक्षणात आम्हाला पहिलं हेच सांगतलं, की कार्यालयाच्या मशीनवर असे जोड लावायचे नाहीत. कागद कचेरीतून खरा निघते. खिडकीतच कोणी त्याचे अक्षरं बदलले तं कचेरीले पत्ताही लागत नाही. मला अंदाज आहे, भाऊ, खात्री नाही. गुरुवारी येते."

गुरुवारी गर्दी नेहमीपेक्षा अधिक होती, कारण सांगता होती. टेबलाशेजारी पाण्याने भरलेला कलश ठेवला होता. गोपाळराव नवा सदरा घालून पुढे बसले होते. मांडीवर गोळ्यांचा डबा. सुवर्णा लेकराला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. मी तिच्या मागे उभा होतो आणि माझे लक्ष आल्हादच्या डाव्या हाताकडे होते.

सर्व लोकांना पुन्हा दर्शन घडावे म्हणून पान उघडण्यात आले. 'डिटेक्टेड'. पंजा, घंटा, मंत्र; डावा हात कोपऱ्याशी. 'नॉट डिटेक्टेड'. महाराजांनी कलशाकडे बोट केले. तेवढ्यात धम्मशीला मॅडम पुढे आल्या.

"महाराज, एक विचारू? ही कृपा तिकडे प्रयोगशाळेत पोचली, का ह्याच काचेवर आहे?"

"कृपा सर्वव्यापी आहे, ताई."

"मग माझ्या फोनवरही दिसली पाहिजे. गोपाळराव, तुमचा अहवाल तुमच्या परवानगीनं उघडू का?"

गोपाळरावांनी महाराजांकडे पाहिले आणि मान हलवली. प्रयोगशाळेचा संदेश आल्हादच्या फोनवर होता. त्यातला पत्ता मॅडमनी आपल्या फोनमध्ये घातला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. तेथे 'डिटेक्टेड' होते.

"तो फोन सिद्ध केलेला नाही," महाराज शांतपणे म्हणाले. "त्यात जुनं संचित दिसतं."

"ठीक. मग ह्याच मशीनवर, ह्याच केशरी खिडकीत पाहू. एफ-पाच दाबा."

आल्हाद खुर्चीतून अर्धवट उठला. "मॅडम, मशीनले हात लावू नका. सेवेकऱ्याशिवाय कोनी हात लावत नाई."

"मी कुठं लावून राह्यले?" मॅडम म्हणाल्या. "ज्याची थुंकी, तो लावीन."

सर्व माणसांच्या नजरा गोपाळरावांवर गेल्या. दाराशी आरोहीने "बाबा" अशी हाक मारली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले, आणि मग डबा मांडीवरून बाजूला ठेवून ते उठले.

"जवाईबापू, तुमी बसा," आल्हाद काकुळतीला येऊन म्हणाला.

"काऊन बसू बे? माह्या छातीचा कागद हाये, तुह्या नाई."

गावच्या जावयाचा हात धरण्यास कोणीही पुढे झाले नाही. ज्या रीतीने माझे तोंड बांधले होते, तिनेच त्या वेळी आल्हादचे हात बांधले. गोपाळरावांनी एका बोटाने बटण दाबले. पान क्षणभर पांढरे झाले आणि परत आले. 'डिटेक्टेड'.

महाराजांनी डोळे मिटले. "शंका घेतली. मी सांगितलं होतं. कृपा परत गेली. आता मी काही करू शकत नाही."

गर्दीतून हळहळ उमटली, आणि मला भय वाटले, की हे लोक ह्याही वाक्याने समाधान पावतील. लबाडीची हीच खरी ताकद आहे. चमत्कार झाला तर महाराजांचा, न झाला तर तुमच्या शंकेचा.

परंतु मॅडम बसल्या नव्हत्या. त्या टेबलाशी गेल्या आणि त्यांनी माउस हलवून कोपऱ्यातल्या कोड्याच्या तुकड्यावर टिचकी दिली. "तो भाग सेटिंगचा हाये, मॅडम," आल्हाद पुटपुटला. एक छोटी चौकट उघडली. तिच्यात शब्दांच्या दोन जोड्या होत्या. 'डिटेक्टेड' दिसेल तेथे 'नॉट डिटेक्टेड'. 'रिजेक्टेड' दिसेल तेथे 'अप्रूव्ड'. खाली, कोणत्या कळा एकदम दाबल्या असता हे घडेल, तेही लिहिले होते. मॅडमनी ते सर्व मोठ्याने वाचून दाखवले.

"हे मंत्राचे यांत्रिक रूप आहे," महाराज म्हणाले. परंतु आता त्यांचा आवाज पूर्वीसारखा नव्हता.

"बरं. मग मंत्राशिवाय चालायला नको. बनाबाई, घंटा वाजवता का जरा?"

बनाबाईने गोंधळून घंटा उचलली. मॅडमनी त्याच केशरी खिडकीत वृत्तपत्राचे एक इंग्रजी पान उघडले. शेतातले पंप चोरणाऱ्या चोरांची ती बातमी होती. त्यांनी तिचा अर्थ सांगितला: चोरी 'डिटेक्टेड', म्हणजे उघडकीस आली, चोराचा जामीन 'रिजेक्टेड', म्हणजे नामंजूर झाला.

"मी महाराजांची शिष्य नाही. मंत्र मले येत नाही, आन् माह्या मनात शंकेशिवाय दुसरं काही नाही. वाजवा, बनाबाई."

घंटा वाजली. मॅडमनी डाव्या हाताने तीन कळा दाबल्या. पडद्यावरची बातमी जागच्या जागी फिरली. चोरी 'नॉट डिटेक्टेड' झाली आणि चोराचा जामीन 'अप्रूव्ड' झाला.

"घ्या," गिरणीवाला दारातून म्हणाला. "चोर सुटला न भाऊ. आता आपापले पंप मोजून घ्या."

पहिला हशा तेव्हा पिकला, आणि एकदा हशा पिकल्यावर महाराजांचे काय राहिले. ते "साधनेची वेळ झाली" असे म्हणत उठले. लोकांनी त्यांना वाट दिली नाही; पोलीस पाटलांच्या ओट्यावर नेऊन बसवले आणि ठाण्याला कळवले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. ती मीच लिहिली. तिच्यात आल्हादचेही नाव आहे. "शायेतल्या पोराइले कठीन शब्दाचा अर्थ दिसावा म्हनून मी ते लावलं होतं," तो मला सांगत होता. "त्याइनं पाह्यलं आन् म्हने, याचा लय मोठा उपेग हाये." मी त्याला म्हणालो, की बाबा, आमचे सर्वांचे नंबर तुजपाशी होते, ते विश्वासाने होते.

गोपाळराव मात्र पोलीस पाटलांकडे गेले नाहीत. ते डबा घेऊन मॅडमसमोर उभे होते. "मॅडम, आठवडा खाडा झाला. आता?"

"आता आजच डॉक्टरांना दाखवायचं, आन् ते सांगतीन तशी दवा पुन्हा सुरू. मळमळ होते तं तेही सांगायचं, त्याच्यावर इलाज आहे. आन् लघवीचा रंग गोळीचा आहे, रक्ताचा नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. सांगतलं असतं तं तुम्ही इथं आले नसते." मग त्या सुवर्णेकडे वळल्या. "लेकरालाही घेऊन या. त्याचीही तपासणी करू, प्रतिबंधाची दवा राहते."

त्यानंतर जे घडले ते मला महाराजांच्या सर्व चमत्कारांहून अधिक विलक्षण वाटते. गर्दी पांगली नाही. ती रांग होऊन मॅडमसमोर उभी राहिली. मॅडमनी त्या केशरी ब्राउझरमधला जोड काढून टाकला आणि मग एकेकाचे पान, आहे तसे, उघडून दाखवण्यास आरंभ केला. रांगेतली माणसे हसत नव्हती. आपल्यापुढे कोणता शब्द येणार ह्याची धास्ती प्रत्येकाच्या तोंडावर होती; तरीही कोणी रांग सोडली नाही.

बनाबाईची पाळी आली. 'रिजेक्टेड'. म्हातारीने पदर तोंडाला लावला. मॅडमनी खालची ओळ वाचली. आधार कार्डावरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळत नव्हते. दुरुस्तीची मुदत अजून शिल्लक होती.

"म्हंजे मी उगाच घरी बसली होती?" बनाबाई म्हणाली.

"हो, आजी."

"मंग उठतो आता. तहसिलीत कोनत्या टेबलाले जा लागते?"

वाचकहो, मी मोठा शिकलेला मनुष्य नाही, तरी आपणांस विनवितो. पडद्यावर दिसले म्हणून ते खरे नव्हे, आणि छापून निघाले म्हणून तर मुळीच नव्हे. ज्या खिडकीतून आपण पाहतो ती कोणाच्या हाती आहे, तिला कोणते जोड लावले आहेत, हे विचारा. पान पुन्हा मागवून पाहा. दुसऱ्या यंत्रावर पाहा. आपला नंबर आणि आपला पासवर्ड आपल्यापाशी ठेवा. ह्यात अहंकार नाही. आपल्या घराची कडी आपण आतून लावतो, त्याला कोणी अहंकार म्हणत नाही. आणि जो मनुष्य तुम्हाला सांगेल की तपासून पाहू नका, त्याच्याकडे तपासण्यासारखे काही तरी आहे असे निश्चित समजा. खोटी मंजुरी माणसाला घरी बसवते. खरी नामंजुरी निदान कचेरीचा रस्ता दाखवते, आणि खरा रोग दवाखान्याचा.